अ‍ॅडमिन झालात जी? मग हे वाचून घ्या

कुणीतरी हौसेनं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतं, शे-दीडशे माणसं जमतात आणि एक दिवस तुमच्या नावापुढे 'अ‍ॅडमिन' लागतं. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. दक्षिण नागपुरातल्या आम्ही ११ जणांनी गच्चीवरच्या बागेसाठी ग्रुप काढला होता. विषय साधेच. मे महिन्यात पारा ४५-४६ वर गेला की कुंड्या कुठे सरकवायच्या, नवतपात (उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक दिवसांत) पाणी दोनदा द्यायचं की तीनदा, जुन्या कूलरच्या टबात पालक येतो का. (येतो. तळाला गंज असेल तर आधी रंग मारून घ्या.) बघता बघता सातशेच्या वर माणसं झाली.

ग्रुप शांत होता. भांडण नाही, शिवीगाळ नाही. मला वाटायचं, आपलं झकास चाललंय. एक ताई रोज सकाळी फोटो टाकायच्या. एकदा त्यांनी तळहातावर मोगऱ्याची पाच फुलं ठेवून फोटो टाकला. बऱ्याच जणांनी अंगठे दिले, दोघांनी खत कोणतं ते विचारलं. चार दिवसांनी ताई ग्रुपमधून निघून गेल्या. कामात असतील, म्हटलं. दीड महिन्यानं त्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भेटल्या. मेथीची जुडी उलटीपालटी करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या रात्री पावणेबाराला तुमच्या ग्रुपमधल्या एकाचा मेसेज आला, फुलांपेक्षा हात सुंदर आहे म्हणून. मी उत्तर दिलं नाही. मग रोजच यायला लागले."

"मला का नाही सांगितलं?"

"तो तुमचाच मित्र ना?"

होता. शाळेपासूनचा. नंतर विचारपूस केली तेव्हा कळलं की आणखी तिघींना त्याचे असेच मेसेज गेले होते आणि त्यातल्या दोघी केव्हाच निघून गेल्या होत्या. ग्रुपवर मात्र याचा मागमूस नव्हता. तिथे सगळे गांडूळखताबद्दल बोलत होते.

खाली लिहिलंय ते सगळं त्या बाजारातल्या पाच मिनिटांनंतर, चुकत-माकत शिकलेलं आहे. तुमचा ग्रुप सोसायटीचा असो, सायकलवाल्यांचा असो की स्पर्धा परीक्षेच्या पोरांचा, फार फरक पडत नाही.

१. आधी, कोण सोडून गेलं ते बघा

नियम, सेटिंग, सगळं नंतर. ग्रुपची माहिती उघडा आणि सदस्यांच्या यादीच्या अगदी खाली जा. मागच्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची नावं तिथे दिसतात. २०२२ पासून कुणी ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला मिळते, बाकीच्यांना चॅटमध्ये काही दिसत नाही. सोडणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार चांगली सोय आहे. पण अ‍ॅडमिननं लक्ष दिलं नाही, तर माणूस गेल्याचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

महिन्यातून दोनदा ही यादी बघा आणि त्यात काही सूत्र सापडतं का ते पाहा. जाणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत का? नवीन आलेले आठवड्याभरातच निघतात का? एखाद्या वादानंतर एकाच वस्तीतली, एकाच समाजाची माणसं गेली का? सगळेच त्रासामुळे जातात असं नाही. कुणाला शंभर मेसेजचा कंटाळा येतो, कुणाचा फोन भरतो. तरी एकदा विचारावं. आम्ही असं लिहितो:

"नमस्कार. आपण ग्रुप सोडलात, काही हरकत नाही, परत या म्हणायला हा मेसेज नाही. ग्रुपमधल्या कुणामुळे त्रास झाला असेल तर मला सांगू शकता. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. उत्तर दिलं नाही तरी चालेल."

एकदाच पाठवायचा. बाई गेली असेल तर महिला अ‍ॅडमिननं पाठवायचा. पुरुष अ‍ॅडमिननं अनोळखी बाईला "का गेलात?" विचारणं हाही तिच्यासाठी आणखी एक नको असलेला मेसेजच असतो.

२. एकट्यानं गाडा ओढू नका

निदान चार अ‍ॅडमिन हवेत. त्यात दोन बायका असाव्यात, आणि एक तरी माणूस तुमच्या मित्रमंडळाच्या बाहेरचा असावा. आमच्याकडे आधी सगळे अ‍ॅडमिन मानेवाडा-अयोध्यानगर पट्ट्यातले, एकमेकांच्या घरी जेवणारे. तक्रार करणाऱ्याला वाटायचं, यांच्यातल्या एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. मग उत्तर नागपुरातल्या एक ताई आणि वर्धा रोडचे एक निवृत्त काका घेतले. काका रात्री एकपर्यंत जागे असतात, तो मोठाच फायदा. भांडणं रात्री साडेदहानंतरच पेटतात, हे कोणताही अ‍ॅडमिन सांगेल.

आणि एक गोष्ट आपसात आधीच ठरवून घ्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो ज्याचा मित्र, नातेवाईक किंवा गिऱ्हाईक असेल, त्या अ‍ॅडमिननं निर्णयात बसायचं नाही.

३. दाराला कडी

हे अर्ध्या तासाचं काम आहे, आज रात्रीच उरकून टाका. नवीन सदस्याला अ‍ॅडमिनच्या मंजुरीनंतरच प्रवेश मिळेल, अशी सेटिंग आहे, ती चालू करा. ग्रुपची लिंक फेसबुकवर उघडी टाकली असेल तर ती रीसेट करा, जुनी लिंक लगेच निकामी होते. ग्रुपचं नाव, फोटो आणि वर्णन बदलण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. मंजुरी देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: ग्रुपबद्दल कुठून कळलं आणि घरी झाडं कोणती आहेत? दुसऱ्या प्रश्नाला "सब है" असं उत्तर आलं की आम्ही जरा थांबतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची खरी अडचण अशी, की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. १०२४ जणांची मर्यादा गाठलीत तर १०२३ अनोळखी लोकांना तुमचा नंबर मिळाला. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, टेलिग्रामवरही नंबर लपवता येतो. ग्रुप फार मोठा होणार असेल तर या वाटा सुरुवातीलाच बघा. सातशे माणसं एका जागेहून दुसरीकडे हलवणं म्हणजे भर उन्हात मोठं लिंबाचं झाड कुंडीतून काढून जमिनीत लावण्यासारखं आहे. निम्मी पानं गळतात.

नवीन सदस्यांना सांगा, की प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असा ठेवता येतो, अनोळखी नंबरचे कॉल गप्प करता येतात, आणि आपल्याला ग्रुपात कोण ओढू शकतं तेही ठरवता येतं. मात्र ही माहिती म्हणून सांगा, अट म्हणून नको. "डीपी का ठेवला मग?" हा प्रश्न आमच्याकडे एका अ‍ॅडमिननंच एका मुलीला विचारला होता. तो आता अ‍ॅडमिन नाही.

४. नियम थोडे, पण आपल्या बोलीत

"सर्व सदस्यांनी सौजन्यपूर्ण वर्तन ठेवावे" असं लिहिलंत तर कुणीही वाचत नाही. वाचलं तरी ज्याला कळायला हवं त्याला ते आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही. काय करायचं नाही ते नाव घेऊन लिहा. आमच्या ग्रुपच्या वर्णनात हे आहे:

झाडाशी नातं नसलेलं काही टाकू नका. देव, नेता, पक्ष, क्रिकेट, सगळं त्यात आलं.
ग्रुपमधून नंबर घेऊन कुणालाही खासगी मेसेज करायचा नाही. काम असेल तर आधी ग्रुपवरच विचारा: "मेसेज करू का?" उत्तर आलं नाही म्हणजे नाही.
माणसाच्या दिसण्यावर, वयावर, कपड्यांवर, घरावर बोलायचं नाही. झाडाच्या दिसण्यावर वाट्टेल तेवढं बोला.
आडनाव, जात, गाव विचारून खोदकाम करायचं नाही. खोदायचं असेल तर वाफा आहे.
मराठी, हिंदी, वऱ्हाडी, झाडीबोली, जमेल तसं लिहा. कुणाचं शुद्धलेखन तपासायचं नाही.
दुसऱ्याचा फोटो, आवाज किंवा मेसेज त्याला विचारल्याशिवाय बाहेर पाठवायचा नाही.
त्रास झाला तर या चारपैकी कुणालाही सांगा. (पुढे चौघांची नावं.)

दुसऱ्या नियमानंच निम्मं काम केलं. आधी खासगीत मेसेज करणारा म्हणायचा, "मी तर फक्त रोपाबद्दल विचारलं." आता रोपाबद्दल विचारलं तरी नियम मोडला, त्यामुळे हेतूवर वाद घालत बसावं लागत नाही. हा नियम वर्णनात ठेवाच, शिवाय पिनही करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, मग दर महिन्याच्या १ तारखेला पुन्हा लावायचा.

आडनावाच्या नियमावर काही जण रुसले. "आपण सहज विचारतो जी, ओळख काढायला." ओळख कशी काढतात ते आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. "पूर्ण नाव काय म्हणाले?", "मूळचे कुठले?", "आमच्यातले की काय?" अशा तीन प्रश्नांत समोरचा कुठल्या रांगेत बसतो ते ठरतं आणि पुढच्या बोलण्याचा सूर बदलतो. दीक्षाभूमी आणि संघाचं रेशीमबाग ज्या शहरात काही किलोमीटरच्या अंतरात आहेत, तिथे कुणी 'जय भीम' म्हणून सकाळ सुरू करेल, कुणी 'राम राम', कुणी 'सलाम'. आमच्याकडे तिन्हींना एकच उत्तर असतं, पुढच्यानं जे म्हटलं तेच परत म्हणायचं. एवढ्यानं जात जात नाही, हे मान्य. पण निदान तिला ग्रुपमध्ये खुर्ची मिळत नाही.

५. 'बे' कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं

बाहेरून आणलेली नियमावली इथे अडखळते. आपल्याकडे 'बे' हा शब्द मिठासारखा वापरतात. "काय करून राहिला बे?" यात दोस्ती आहे. तोच शब्द कोल्हापूरहून इथल्या मिहान या उद्योग-वसाहतीत नोकरीला आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी "गूगल कर ना बे" असा आला तर तिला तो शिवीसारखा लागतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. तिनं कढीपत्त्याच्या पानांवर काळे ठिपके का येतात एवढंच विचारलं होतं. म्हणणारा पोट्टा मनानं साफ होता, त्याला कळेचना काय बिघडलं.

शब्दांवर बंदी घालू नका. 'बे', 'पोट्टे', 'भैताड' काढून टाकले तर नागपूरकरांनी बोलायचं काय? दोन गोष्टी बघा. समोरच्यानं तोच शब्द उलट वापरला का? "तूच भैताड" असं हसत परत आलं की दोस्ती आहे, शांतता पसरली की नाही. आणि दोघांच्या वयात, ओळखीत, पदात किती अंतर आहे? अनोळखी माणसाशी, मोठ्यांशी आणि नवीन आलेल्याशी 'जी' लावून बोला, असं आम्ही सांगतो. 'जी' आपल्याकडे फुकट आहे.

'काकू' हा शब्द मात्र मी अजून सोडवू शकलेलो नाही. पस्तिशीतल्या बाईंना पंचविशीतला मुलगा आदरानं काकू म्हणतो आणि ग्रुपवर कूलर लावल्यासारखा गारठा पसरतो. सध्या सगळ्यांना ताई-दादा म्हणायचं ठरलंय.

चेष्टेचा आणखी एक प्रकार लवकर ओळखा. एकाच माणसाच्या प्रत्येक पोस्टवर तेच दोघं-तिघं हसण्याची चित्रं टाकतात. एकेक चित्र पाहिलं तर त्यात काहीच नसतं. महिनाभर मागे जाऊन बघितलं तर कळतं की त्या माणसानं लिहिणं बंद केलंय.

६. नवीन माणसाचा पहिला आठवडा

स्वागताचे हार-फुलांचे स्टिकर पुरे. नवीन माणसाला दुखतं ते उत्तर न मिळणं. पहिल्या प्रश्नाला दिवसभरात एक तरी उत्तर मिळालंच पाहिजे, ही जबाबदारी आम्ही आठवड्यानं वाटून घेतो. उत्तर येत नसेल तर "मला नाही ठाऊक, पण अमुक ताईंना विचारतो" एवढं चालतं. भंडाऱ्याच्या एका आजोबांनी झाडीबोलीत, तेही आवाजी मेसेजमधून, वांग्याच्या किडीबद्दल विचारलं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. कुणीतरी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून टाकली. ती दहा मिनिटांत पुसली, पण जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या एकानं लगेच आजोबांना त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं त्याचा. आता वांग्याचा प्रश्न आला की सगळे आजोबांनाच विचारतात.

७. तक्रार आली, आता काय?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, माझ्याही झाल्या. म्हणून जरा सावकाश.

पहिल्या उत्तरात काय लिहिता त्यावर पुढचं सगळं ठरतं. "खरंच का? तो तर असा नाही" हे वाक्य गिळून टाका. "तुम्ही काही बोलला होता का आधी?" हेही. आम्ही लिहितो: "सांगितलंत ते बरं केलंत. आता तुम्हाला काय व्हावंसं वाटतं? तुम्हाला विचारल्याशिवाय मी कुणाशी बोलणार नाही." काहींना फक्त तो माणूस थांबायला हवा असतो. काहींना पोलिसांत जायचं असतं. काहींना काहीच नको असतं, कुणाला तरी ठाऊक असावं एवढंच. निवड त्यांची.

मग पुरावा. घाईनं ब्लॉक करून चॅट उडवणारे खूप असतात, त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण आधी जपून ठेवायला सांगा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नंबर नावानं सेव्ह केला असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव दिसतं आणि नाव तर कुणीही काहीही ठेवू शकतं. त्यामुळे प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा आणखी एक स्क्रीनशॉट घ्यायचा. मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू असेल तर बंद करायची. मूळ चॅट फोनमध्ये तशीच राहू द्यायची, स्क्रीनशॉट आहे म्हणून पुसायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि त्याला ते कळवलं जात नाही. मात्र रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट पुसण्याचा पर्यायही समोर येतो, तिथे जरा बघून बोट लावायचं.

हे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्रास देणाऱ्याला उघडं पाडायचा मोह होतो, पण त्यात बाईचं नाव, तिचा फोटो, तिनं दिलेली उत्तरं सगळीकडे फिरतात. शंभर जण त्याला शिव्या देतात आणि दोनशे जण तिच्याबद्दल बोलतात.

निर्णय चोवीस तासांत घ्या. जीभ घसरली असेल तर खासगीत एक शब्द पुरतो. तेच पुन्हा झालं तर आठवडाभर बाहेर. पण नको म्हटल्यावर पाठवलेले खासगी मेसेज, धमकी, जातीवरून शिवी, फोटोचा गैरवापर, यांना पहिल्याच वेळी बाहेर. सुरुवातीला आमच्याकडे 'तीन संधी' होत्या. ऐकायला न्याय्य वाटतं. मग एका ताईंनी विचारलं, "तीन संधी म्हणजे तीन बायका का?" दुसऱ्या दिवशी तो नियम गेला.

काढताना खासगीत लिहा: "ग्रुपमधून नंबर घेऊन सदस्यांना खासगी मेसेज केल्यामुळे आपल्याला काढत आहोत. हा चौघांचा निर्णय आहे. त्या सदस्यांशी पुन्हा संपर्क करू नये." तक्रार एकीचीच असली तरी 'सदस्यांना' असंच अनेकवचनी लिहा. आणि ग्रुपवर एकच ओळ टाका: "नियम मोडल्यामुळे एका सदस्याला काढलं आहे, तपशील देणार नाही." नाव घ्यायचं नाही, खुलासे करायचे नाहीत.

माझ्या मित्राला मी फोन केला होता. तो म्हणाला, "अरे, गंमत केली बे. त्यांनी तुला येऊन सांगितलं?" मी कुणी सांगितलं ते बोललो नाही, फक्त काढतोय म्हटलं. आठ महिने आमचं बोलणं बंद होतं. आता लग्नकार्यात भेटतो, पानही सोबत खातो. ग्रुपमध्ये परत घेतलेलं नाही.

प्रत्येक तक्रारीची नोंद एका वहीत ठेवा: तारीख, काय झालं, काय ठरलं. तक्रार करणाऱ्याचं नाव त्यात नको. सहा महिन्यांनी दुसरी तक्रार येते तेव्हा या वहीचा उपयोग कळतो.

८. कायद्याचं थोडं, घाबरण्यासाठी नाही

नवीन अ‍ॅडमिनचा पहिला प्रश्न असतो, "कुणी काही टाकलं तर मी आत जाईन का?" याचं उत्तर आपल्याच शहरातून आलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुप-अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. एका सदस्यानं ग्रुपवर एका महिला सदस्याला अश्लील शिवीगाळ केली होती आणि अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की समान हेतू किंवा आधी ठरवलेलं संगनमत असल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. अ‍ॅडमिनच्या हातात आत घेणं आणि बाहेर काढणं यापलीकडे फारसं काही नसतं, हाही मुद्दा त्यात होता. पुढच्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपनं दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला दिला. त्यामुळे तुरुंगाची भीती नको, पण "माझ्या हातात काय आहे?" हेही आता म्हणता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७८ मध्ये पाठलाग येतो. बाईनं स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषानं वारंवार संपर्क केला, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवली, तर तो गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'स्पष्ट नापसंती' हे शब्द महत्त्वाचे. म्हणून शक्य असेल तर एकदाच लेखी कळवावं, "मला मेसेज करू नका," आणि मग गप्प. कलम ७५ मध्ये लैंगिक छळ, ७९ मध्ये स्त्रीच्या विनयाचा अपमान, ३५१ मध्ये धमकी. संमतीशिवाय खासगी अंगाचे फोटो काढणं-फिरवणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई, आणि अश्लील मजकुरासाठी ६७ व ६७ए. जातीवरून अपमान असेल तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कुणी "६६ए लावतो तुझ्यावर" म्हणून दम देत असेल तर त्याला सांगा, ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय.

तक्रार कुठे? तातडीचा धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्राच्या संकेतस्थळावर महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारीचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. १९३० हा क्रमांक लोक सगळ्यालाच फिरवतात, तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. शहर पोलिसांचं सायबर ठाणं आहे, महिलांच्या मदतीसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे, आणि दखलपात्र गुन्हा असेल तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) नोंदवता येतो. "आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण चालत नाही. ठाण्यात सोबत जायला कुणी आहे का, हे मात्र अ‍ॅडमिननं जरूर विचारावं. अनेकदा तेवढ्यावरच अडतं.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे फोटो वर चढवावा लागत नाही. आपल्याच फोनमध्ये त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो तिथे चढवला की ओळखता येतो. ही सोय १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे.

९. भांडण पेटलं तर

फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील, ही सेटिंग लावा आणि झोपा. सकाळी सातला उघडा. रात्री साडेअकराला जीव तोडून भांडणारे सकाळी पाणी घालत असतात.

१०. आमची मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी-पिवळी मारबत निघते, बडगे निघतात (हे वाईटाचे मोठाले पुतळे), आणि वर्षभराचा राग "घेऊन जा गे मारबत" म्हणून गावाबाहेर जातो. आम्ही एक गूगल फॉर्म केलाय, नाव 'मारबत'. नाव, ईमेल काहीच विचारत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याची लिंक ग्रुपवर टाकतो. त्यात काहीही लिहा. पहिल्या महिन्यात आलेल्या नऊ मजकुरांपैकी चार माझ्याबद्दल होते. फार उपदेश करतो म्हणे. एका मजकुरात मात्र लिहिलं होतं, "अमुक दादा बिया द्यायला घरीच बोलावतात, नको म्हटलं की बियाच देत नाहीत." ही गोष्ट आमच्यापैकी कुणाला तोंडावर येऊन सांगितली गेली नसती.

११. प्रत्यक्ष भेट

म्हणून बियांची देवाणघेवाण आता फक्त उघड्या जागी होते. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी आठला, सार्वजनिक बागेत. कुणाच्या घरी नाही. येताना सोबत कुणालाही आणा. कागदाच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव. नंतर तर्री-पोहे, ज्याचे त्यानं पैसे द्यायचे, कारण पोह्यांच्या उपकारातूनही काही जण पुढे मेसेज करायचा हक्क काढतात. लहान मुलांचे फोटो कुणी काढायचे नाहीत, आईबापांव्यतिरिक्त. ज्या मोठ्यांना फोटोत यायचं नाही त्यांनी बिल्ल्याला पिवळी रिबीन लावायची. फोटो काढणाऱ्यानं आधी रिबिनी बघायच्या, मग मोबाइल वर करायचा. रिबीन घरी राहिली तर झेंडूचं फूल टाचणीनं लावलं तरी चालतं, बागवाल्यांकडे झेंडूला तोटा नसतो.